केसाएवढी चीर

चीर केसाएवढीच होती, पण थेट काठापर्यंत गेली होती. चाचणी प्रयोगशाळेच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर ते हेल्मेट होतं; तिच्याशेजारी तिचा दीर बसला होता, दोघं मिळून हेल्मेटं बनवत. पाण्याच्या तपासणीच्या अहवालासाठी त्याच बाकावर थांबलेल्या शिक्षिकेची नजर तिथून हटेना.

“वहिनी, प्लॅस्टिकात मातीची पूड वाढवल्यापासून आपला माल कसा कडक झालाय!”

“कडक झालाय, भावजी, पण रबर कमी केलंत. आता आपटलं की तडकतं. महिनाभर घसा कोरडा करतेय.”

“गिऱ्हाईक खूश आहे.”

“अजून कुणी पडलं नाही म्हणून.”

“तुम्हाला चांगलं बोलताच येत नाही.”

“काल तुमच्या लेकीचं हेल्मेट मी काढून घेतलं. तिला जुन्या मालातलं दिलं.”

“मला न विचारता?”

“आता विचारते. बाकीच्यांच्या लेकींचं काय करायचं?”

दिराने हेल्मेट घेऊन चिरेवरून बोट फिरवलं.

“विकलेली सगळी परत मागवू, वहिनी.”