ठकूबाईनं उचललेला भंडारा

बोला — यळकोट यळकोट जय मल्हार! अहो, मागच्या रांगेचं जेवण झालंय की नाही? आवाज काढा की जरा! हां, असं.

मंडळी, आज फार वेळ घेत नाही, एक प्रश्न टाकतो. देवासमोर आण घेतली, पण घेतली कुणाच्या तरी धाकानं. ती पाळायची की मोडायची? पाळली तर मन खातं, मोडली तर देव कोपेल ही भीती! सांगा, काय करायचं? आमचे मृदंगवालेसुद्धा खाली बघायला लागले! बरं, मग ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे समोरच बसलेत. सरपंच रंगराव. माणूस वाईट नाही हो! लग्नाला धावून येणार, मयताला खांदा देणार. पण एक खोड — गाव म्हणजे आपला गोठा आणि माणसं म्हणजे आपली जनावरं, असं त्यांना वाटायचं. नळाची लाइन आली, ती रंगरावांच्या आळीपर्यंत आली आणि थांबली! वर माळावर धनगरांची वस्ती. तिथल्या बाया खालच्या झऱ्यावरनं हंडे वाहायच्या. का? तर म्हणे वस्तीची मतं आपल्याला पडत नाहीत!

आली निवडणूक. रंगरावांसमोर उभी राहिली विमल — गावात शिवणकाम करणारी पोरगी. रंगराव आधी हसले. मग लोक विमलकडं वळतायत असं कानावर यायला लागलं, तसं हसू मावळलं. मग त्यांनी काय केलं? त्या गावात बापजाद्यांपासून चालत आलेलं तेच. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी अख्खी वस्ती खंडोबाच्या देवळात बोलावली. बेल-भंडाऱ्याचं ताट मांडलं. एकेकानं पुढं यायचं, तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा घ्यायचा आणि म्हणायचं, 'मत रंगरावांनाच, नाहीतर खंडेराया बघून घेईल!' बघा हं मंडळी — मत गुप्त, आणि त्यावर राखणीला बसवलं कुणाला? साक्षात मल्हारी मार्तंडाला! देवालासुद्धा प्रचाराला जुंपलं की हो यांनी!

त्या रांगेत होती ठकूबाई. नवरा लवकर गेला, मेंढरं राखून पोरगा वाढवला. रविवारचा उपास कधी मोडला नाही. भंडारा उचलून शब्द फिरवणं तिला ठाऊकच नाही. आपल्यासारखं नाही — सकाळी आण आणि दुपारी विसर! आणि तिचा पोरगा मल्हारी कामाला कुठं? रंगरावांच्याच ट्रॅक्टरवर! घरात सून पोटुशी. म्हणजे नाही म्हणावं तर पोराची रोजी जाते. हो म्हणावं तर मत जातं, कारण शब्द दिला की म्हातारी तो पाळणारच.

तिची पाळी आली. रंगराव गोड हसले.

"ये ठकूबाई, उचल. मल्हारी काय, आपल्या घरचाच आहे."

कळली ना गोम? ठकूबाईला पण कळली. तिनं पदर सारखा केला, भंडारा उचलला. आणि म्हणाली, "खंडेराया, तुझी आण. गावाचं भलं ज्याच्या हातनं होईल असं मला वाटतं, त्यालाच उद्या मत देईन. आन् कुणाला दिलं, ते मरेस्तोवर कुणाला सांगणार न्हाय."

भंडारा कपाळाला लावला आणि झाली की बाजूला!

रंगराव ओरडले, "ए बाई! नाव घे की!"

"घेतलं की. देवाच्या दारात देवाचं नाव घेत्यात."

"असं नसतं!"

"मग कसं असतं, दादा? गावाचं भलं तुमच्या हातनं व्हायचं न्हाय का? मग भ्या कशाचं?"

आता बोला! तोवर मागचा पुढं आला, "मी बी तीच आण घेतो." त्याच्या मागचा, "मी बी!" शेवटी तर ताट धरून उभा असलेला रंगरावांचा सख्खा मेहुणासुद्धा तीच आण घेऊन मोकळा झाला!

तुम्हाला वाटेल, विमल निवडून आली. नाही! रंगरावच आले. जेमतेम आले, पण आले. मी आख्यान सांगतोय, सिनेमा नाही. आणि आल्या आल्या त्यांनी मल्हारीला ट्रॅक्टरवरनं उतरवलं.

पोरगा घरी येऊन आईवर भडकला, "आये, काय पडलं होतं तुला? म्हणायचं होतं चार शब्द!"

ठकूबाईला रडू आलं. का नाही येणार? सुनेचं बाळंतपण तोंडावर. पण डोळे पुसून म्हणाली, "लेकरा, काम त्यानं दिलं हुतं, त्यानं काढून घेतलं. मत मला त्यानं दिलं न्हवतं."

मल्हारी पुन्हा मेंढरांमागं गेला. पुढं गंमत ऐका. रंगरावांना झोप लागेना. आपल्याला मत दिलं कुणी आणि दिलं नाही कुणी? काहीच कळेना! आपलं कोण, परकं कोण? मेहुण्याकडं बघावं तरी संशय! पुढची निवडणूक तर येणारच. मग पाणी कुणाचं अडवायचं? चुकून आपल्याच माणसाचं अडलं तर? शेवटी झक मारत लाइन माळावर चढवली. सगळ्यांच्या दारात नळ! ठकूबाईनं मत कुणाला दिलं? मला काय ठाऊक! रंगरावांनाच दिलं असेल.

तर आण पाळायची की मोडायची? ठकूबाईनं दुसऱ्याच्या तोंडची आण घेतलीच नाही. तिचा देव तिचा होता आणि मतही तिचं होतं.

आता यजमान, रागावू नका. मघाशी तुमच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. कोपऱ्यात ताट होतं, वर रुमाल झाकलेला. वाऱ्यानं रुमाल उडाला — खाली बेल आणि भंडारा. परवा मतदान आहे ना तुमच्याकडं?

मंडळी, आरती झाली की तुम्हाला ओसरीवर बोलावणं येईल. जा. भंडारा देवाचाच आहे, खुशाल उचला. तोंडात शब्द कुणाचे घेताय, तेवढं बघा. माझं बिदागीचं पाकीट अजून यजमानांच्याच खिशात आहे, हे माहीत असून मी बोललो. आता पाळी तुमची.