दोघींच्या मालकीची भोपळी

नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे. वय ४४ वर्षे. शिक्षण पदवीपर्यंत. नोकरी, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती आणि एका कुत्रीसह राहते. कुत्रीला आम्ही भोपळी म्हणतो, कारण पिल्लू असताना ती तशी गोल होती. माझ्याविरुद्ध तक्रार देणाऱ्या बाई माझ्या थोरल्या नणंद आहेत. त्यांना मी ताई म्हणते. या जबाबातही तसेच लिहावे, मला दुसरे काही म्हणायची सवय नाही.

ताई शहराच्या कडेला स्वतःच्या जागेत कुत्र्यांची पैदास करतात. कंबरेच्या सांध्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय त्या कोणत्याही मादीला नर दाखवत नाहीत. "पिल्लू देणं म्हणजे लेक देणं. घराणं बघायला नको?" असे त्या म्हणतात. लोक त्यांना मागे खडूस म्हणतात आणि त्यांच्याच पिल्लासाठी वर्ष-वर्ष थांबतात. त्यांनी हे काम कधी बेपर्वाईने केले, असे माझे म्हणणे नाही.

या कामात एक रीत आहे. चांगल्या माद्या सगळ्याच स्वतःकडे ठेवता येत नाहीत, म्हणून एखादी नात्यात किंवा ओळखीत देतात. ती त्या घरची होऊन राहते. कागदावर दोघांची नावे असतात आणि तिची पहिली दोन वेते पैदास करणाऱ्याची असतात. भोपळी आमच्याकडे अशीच आली. ही अट मला तोंडी सांगितली होती आणि मी ती मान्य केली होती.

पहिल्या वेताआधी ताईंच्या नेहमीच्या डॉक्टरांनी भोपळीची छाती नळीने तपासली व ठोके ठीक असल्याचे सांगितले. नर बाहेरच्या एका घराण्यातला होता. वेतात नऊ पिल्ले झाली. त्यातली दोन पहिल्याच आठवड्यात गेली. ताई म्हणाल्या, "नऊ म्हटलं की दोन जातातच." ते खरेही आहे. उरलेली सात घरोघर गेली.

चौथ्या महिन्यात त्यातले एक पिल्लू चेंडूमागे पळताना पडले आणि मेले. त्या घरातल्या मुलीने त्याला मेल्याचे सोंग करायला शिकवले होते. तिला वाटले, ते सोंगच करते आहे. ती हातात बिस्किट धरून बसून राहिली. त्या संध्याकाळी मी तिथे गेले होते. तिथले याहून जास्त मला सांगायचे नाही.

त्यानंतर दुसऱ्या घरी एक पिल्लू जिन्यात कोसळून गेले. त्याचे शवविच्छेदन केले. हृदयातून मोठी रक्तवाहिनी निघते तिथे, झडपेच्या खाली, वाट जन्मतःच अरुंद होती. हा दोष आईबापाकडून येऊ शकतो व नळीने नेहमी कळत नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून मी भोपळीला हृदयाच्या तज्ज्ञाकडे नेऊन सोनोग्राफी केली. निकाल संदिग्ध आला. रक्ताचा वेग निरोगी म्हणावा इतका कमी नव्हता आणि रोगी म्हणावा इतका जास्तही नव्हता. वर्षाने पुन्हा तपासा, तोवर नर दाखवू नका, असे तज्ज्ञांनी सांगितले.

(हे ऐकून अंमलदार म्हणाले, "कुत्रीच्या हृदयाची सोनोग्राफी? माझ्या वडिलांची अजून झाली नाही हो." हे लिहिले नाही तरी चालेल असे त्यांचे म्हणणे. मला वाटते लिहावे. ताईही पहिल्यांदा हसल्याच होत्या.)

यावर आमच्या स्वयंपाकघरात बोलणे झाले. पती हजर होते. ताई म्हणाल्या, "संदिग्ध म्हणजे दोषी नव्हे. तुला पाण्यात सगळीकडे जंतूच दिसतात."

मी म्हणाले, "आमच्याकडे नमुना संदिग्ध आला की नळ बंद ठेवतात, ताई. दुसरा नमुना येईपर्यंत."

"आणि म्हाताऱ्याने काय करायचं? त्याच्याकडे वर्ष नाहीये."

म्हातारा म्हणजे ताईंचा जुना नर. त्याच्या मागच्या पिढ्या ताईंनी एकेक करून निवडल्या आहेत. त्याचे हृदय, सांधे, डोळे, सगळे तज्ज्ञांकडून तपासलेले व निर्दोष आहे. त्याच्या वंशाची एकही मादी आज ताईंकडे नाही. त्या म्हणाल्या, "तो गेला की माझं सगळं गेलं. त्याला जोड म्हणून भोपळीसारखी दुसरी नाही. एक लेक मिळू दे मला त्याची, मग तुझ्या कुत्रीला मी बोटही लावणार नाही."

मी म्हणाले, "अशी कुत्री घेऊन कुणी तुमच्या दारात आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी सोनोग्राफीचा अहवाल पुन्हा उघडला. पती म्हणाले, "मी म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. मी इथे भाऊ की नवरा ते आधी ठरवा, मग मला बोलवा." कुणी हसले नाही. शेवटी ताई म्हणाल्या, "बरं. या माजाला नाही. झालं समाधान?"

आमची भिंत बुटकी आहे आणि गल्लीत मोकाट कुत्री फार. त्यामुळे भोपळी माजावर आली की नेहमी ताईंकडे बंदोबस्तात राहते. या वेळीही त्याच घेऊन गेल्या आणि तीन आठवड्यांनी आणून सोडली. नर दाखवला का, असे मी त्यांना विचारले नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला स्कूटर शिकवली ती ताईंनी, मागे बसून, दोनदा माझ्याबरोबर पडून. त्यांना हा प्रश्न कसा विचारायचा ते मला सुचले नाही.

साधारण महिन्याने तिसरे पिल्लू गेले. मी ताईंना फोन केला. त्यांनी आधी कोणत्या घरचे ते विचारले. मग म्हणाल्या, "वाईट झालं. भोपळीला जप. जिने चढू देऊ नकोस." मी समजले, हृदयासाठी म्हणतात.

त्या आठवड्यात ताई कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून परगावी गेल्या. मी रजा टाकली आणि भोपळीला त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या रुग्णालयात नेऊन तिचे गर्भाशय काढायला सांगितले. वाद कायमचा मिटावा हा हेतू होता. हृदयाचा अहवाल दाखवून भूल जपून द्यायला सांगितले. नराशी संबंध आला का, या प्रश्नाला मी नाही म्हणाले. मालक आपण एकट्याच का, या प्रश्नाला मी हो म्हणाले आणि सही केली. पहिले उत्तर मला खरे वाटत होते. दुसरे खोटे होते, हे मला सही करतानाच माहीत होते.

मी बाहेर बाकावर बसले होते. थोड्या वेळाने मदतनीस बाई आतून आल्या. हातमोजे तसेच होते. म्हणाल्या, "मॅडम, गाभण आहे ही. आठ आहेत. डॉक्टर विचारतायत, पुढे जायचं की टाके घालून बंद करायचं? बंद केलं तर होतीलही नीट."

मी विचारले, "त्यातलं कोणतं निरोगी आहे, हे आत्ता कळेल?"

त्या म्हणाल्या, "छे हो. केवढीशी आहेत."

मी म्हणाले, "काढा."

ताई परत आल्या त्या दिवशी मी स्वतः जाऊन त्यांना सांगितले. त्या म्हाताऱ्याला भरवत होत्या. त्याला आता उठवून बसवावे लागते. त्यांनी आवाज चढवला नाही. "किती होती?" एवढेच विचारले.

मी सांगितले, आठ.

"माद्या किती?"

हे मी रुग्णालयात विचारले नव्हते. मी तसे सांगितले.

त्या म्हणाल्या, "मला एकच हवी होती गं. आठही तपासली असती मी, तुझ्या त्या तज्ज्ञाकडे नेऊन. एकेकाची छाती. एक फोन करायचास."

मी म्हणाले, "तुम्ही केला होतात?"

त्यावर त्यांनी मला जायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ही तक्रार दिली. तक्रारीतला मजकूर मला दाखवला. तो खरा आहे.

भोपळी गाभण असल्याचा संशय आधी आला होता का, असे विचारल्यावरून सांगते की, तिचे सड गुलाबी दिसत होते आणि ती सकाळचे खाणे टाकत होती. माजानंतर असे होते, अशी मी माझी समजूत घातली. ती समजूत खरी होती की सोयीची, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. उत्तर संदिग्ध आहे, असेच लिहावे.

भोपळी सध्या कुठे आहे, असे विचारल्यावरून सांगते की, ती माझ्या घरी आहे. टाके भरत आले आहेत. तिला दूध आले आहे. डॉक्टर म्हणतात, असे होते, ओसरेल. ती कपाटामागे अंथरूण उकरते आणि पतींचे मोजे तिथे नेऊन ठेवते, मग त्या मोज्यांवर झोपते. आम्ही मोजे काढून घेत नाही. ती ताईंच्या ताब्यात द्यावी असा आदेश झाल्यास माझी हरकत नाही. फक्त तिची राहिलेली तपासणी वेळेवर व्हावी.

वरील जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "सहमालकास कळविण्यास वेळ नव्हता" असे एक वाक्य होते. ते मी सांगितलेले नव्हते. ते घातले तर तुमच्याच भल्याचे आहे, असे अंमलदार म्हणाले. दाराशी बसलेले माझे पतीही म्हणाले, "असू दे ना ते. ताईलाही तेवढंच ऐकायचं असेल." मी ते वाक्य खोडायला लावून त्यापुढे सही केली आहे. वेळ होता. फोन माझ्या मांडीवर होता, आणि मदतनीस बाई दार धरून उभ्या होत्या. ताई थांब म्हणतील हे मला माहीत होते, म्हणून मी लावला नाही.

आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला गेला आहे व तो बरोबर आहे.