वापस टाकलेली चिठ्ठी

माहं नाव मार्था. माहेर ब्रह्मपुरीच्या तिकडलं, धानाच्या बांध्यांतलं गाव, ख्रिस्ती घरं मोजून सात, आन माहा बाप तिथल्या लहानशा चर्चची घंटी वाजवे, झाडझुडही तोच करे. बापाले दोनच गोष्टीचा शौक, एक शास्त्र म्हणजे बायबल वाचाचं आन दुसरं पेटी वाजवाचं, तं शास्त्र आलं माह्या वाट्याले आन पेटी आली माह्या भावाच्या. समू माह्याहून दहा वर्षानं लहान. बापामागून माय गेली तवा तो आठ वर्षाचा आन मी अठराची, लग्न ठरलेलं, तं मी आमच्या ह्याईले पयलेच सांगतलं का मी येईन तं भावाले घेऊन येईन. हे कोळशाच्या खाणीत कामाले, साधा माणूस, म्हणाले येऊ दे ना, दोन घास तं खाईल. असा माहा भाऊ माह्या वरातीत माह्यासंगं बल्लारपूरले आला, एका हातात कपड्याची थैली आन डोक्यावर बापाची पेटी. लोक हासले, म्हणे नवरीनं आंदणात भाऊ आणला.

काय सांगू तुमाले ताई, मले शास्त्रातलं काईही इचारा. शाळेत मी आया होती, लेकराईचे नाक पुसता पुसता वचनं पाठ करो. कोणाचा पोरगा नापास झाला, कोणाच्या पोरीचं जमून नाई राह्यलं, कोणाचा नवरा पिऊन पडून राह्यला, सारे माह्याकडं येत, मार्थाबाई, कोन्तं वचन वाचू? आन मी पटकन सांगो. लोकाईले धीर येई, खरंच येई, ते मी खोटं नाई म्हणत. आन मलेही बरं वाटे का आपल्याले इचारतात. त्या बरं वाटण्यातच सारं बिघडलं पाहा.

आमच्या चर्चात नव्या सालाच्या सकाळी एक डबा फिरते. बिस्किटाचा जुना टिनाचा डबा, त्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या, हरेकानं एक उचलाची, जे वचन निघालं ते तुमचं सालभराचं. लोक ते भिंतीले चिपकवतात, पाकिटात ठेवतात. त्या चिठ्ठ्या लिवाचं काम माह्याकडं, अक्षर चांगलं म्हणून. आन मी गोड गोडच लिवो. भिऊ नको, मी तुह्यासंगं आहो, तुही वाट उजळीन, असेच सारे. काऊन का, एका साली एका बाईले कडक वचन निघालं तं ते बिचारी सालभर रडत बसली, तवापासून मी कडक लिवणंच सोडलं.

आता समूचं सांगते. समू मोठा झाला, घरं रंगवाचं काम शिकला, लग्न झालं, आमच्याच गल्लीत खोली केली. रविवारी चर्चात पेटी त्याचीच. मंग एका दिवाळीनंतर वडस्याच्या एका नाटक कंपनीचा पेटीवाला बिमार पडला, कोणीतरी समूचं नाव सांगतलं. तिकडं थंडीच्या दिवसाईत गावोगाव नाटकं चालतात, तुमाले माहीतच असंल, रातभर चालतात. समू गेला आन त्याले त्याचा नाद लागला. मले तो बाईच म्हणे, येऊन सांगे, बाई, बायकापोरं घोंगड्या पांघरून बसतात वो, आन मी पेटी धरली का साऱ्याईच्या डोळ्याले पाणी. मी म्हणो, देवासाठी वाजव. तो म्हणे, काऊन, तिथी देव नाई का? मले असा राग आला का बोलू नका. म्हणजे शास्त्र मले येते आन हा मले शिकवून राह्यला. हंगामात रविवारी सकाळी तो सरळ बसस्टँडावरून चर्चात येई, डोळे लाल, पण सूर एक चुकला नाई त्याचा. हे मी आज म्हणते. तवा नाई म्हटलं.

चर्चच्या कमिटीत मी एकटीच बाई. लोक कुजबुज करून राह्यले होते का हा रातभर नाटकात वाजवते आन सकाळी देवाच्या घरी, तं पाळकसाहेबानं मले सांगतलं, मार्थाबाई, तुमचाच भाऊ आहे, घरी बसवून समजावा. बस, एवढंच काम होतं. गल्लीत चार घरं सोडून त्याचं घर. पण तोंडानं सांगतलं तं तो मले उत्तर देईल, आन त्याच्या उत्तराले माह्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी काय केलं, चार पानाचा कागद लिवला. एका माणसाच्यानं दोन धन्याची चाकरी होत नाई, तिथून सुरुवात केली आन वचनामागून वचन लावलं. कमिटीले म्हणली, मंडळीसमोर वाचा, लाजून सुधरंल. पाळकसाहेब नको म्हणत होते, बाकीच्याईनं वाचला. समू पेटीवरच बसला होता. पुरा कागद त्यानं आयकला. अक्षर कोणाचं ते दिसाची गरज नव्हती, एवढे वचन कोणाले येतात ते साऱ्याईले माहीत. त्यानं भाता बंद केला, कडी लावली, पेटीवर कापड टाकलं. जाता जाता माह्या बाकापाशी थांबला आन एवढंच म्हटलन, बाई, घरी सांगतलं असतं तं आयकलं असतं. त्याच महिन्यात तो बायकोलेकराईले घेऊन वडस्याले गेला. बापाची पेटी चर्चातच ठेवून गेला.

मी म्हणली, येईल. दोन साल गेले, आला नाई. तिसऱ्या साली पाळकसाहेब म्हणाले, मार्थाबाई, औंदा सारे गोडच नका लिवू, देवाच्या शब्दाले मीठही आहे. तं मी पाच-सहा कडक लिवल्या. त्यात एक ते, का तू दान घेऊन वेदीपाशी आला आन तिथी आठोलं का भाऊ आपल्यावर नाराज आहे, तं दान तिथीच ठेव, पयले जाऊन भावासंगं समेट कर. नव्या सालाच्या सकाळी डबा माह्यापुढं आला. मी हात घातला, घडी उघडली, आन तेच. माह्याच हातचं अक्षर. ताई, मी काय केलं सांगू, मी हासली आन म्हणली, दोन चिपकल्या वाटते, आन ते वापस टाकून दुसरी घेतली. दुसरीत निघालं, भिऊ नको. आजूबाजूचे म्हणाले, वा, मार्थाबाईले कसं छान निघालं.

आन ते चिठ्ठी निघाली आमच्या म्हाताऱ्या सलोमीबाईले. ते संध्याकाळी माह्या दारात, मार्थाबाई, मले तं भाऊच नाई वो, मी कोणाकडं जाऊ? मी तिले चांगली बसवली, चहा पाजला, समजावलं का शेजारीही भाऊच असते. तिचं बाजूच्या घरासंगं कोंबडीवरून भांडण होतं, बोलणं बंद. ते गेली, रडली, त्याईनं तिले जेवू घातलं. मले येऊन म्हणते, किती चांगलं सांगतलं तुमी. शास्त्राचं काम झालं पण दुसऱ्याच्याच घरी झालं. माह्या घरी मीच दार लावलं होतं.

मंग हातोहाती मोबाईल आले. मी रोज सकाळी चाळीस-पन्नास लोकाईले वचन पाठवो, त्यात समूलेही. मले वाटे, हे म्हणजे बोलणंच झालं ना. निळ्या खुणा येत, मी म्हणो वाचून राह्यला, राग उतरून राह्यला. सात वर्ष ताई. वडसा काई परदेशात नाई, इथून सकाळी गाडीत बसलं का दुपारी माणूस जेवाले पोहोचते. मी नाई गेली.

दोन सालाआधी भावजयचा फोन आला का समूले लकवा मारला. मंग गेली. धावत गेली, आता काय फायदा. उजवा हात गेला, जबान गेली, साऱ्या बोलण्यातून एकच शब्द राह्यला, नाई. चहा घेता का, तं नाई, आन डावा हात पुढं करून कप घेते. ऊन लागते का, तं नाई, आन खाट सरकवाले लावते. डॉक्टर म्हणाले, समजते सारं, तोंडात दुसरा शब्द येत नाई.

तवापासून दर शुक्रवारी जाते. पयले महिनाभर मी त्याच्यापाशी बसून शास्त्रच वाचो, धीराचे वचन. तो डोळे मिटून घे. एका शुक्रवारी भावजय चुलीपासून म्हणाली, बाई, वचन तं रोज फोनवर येतच होतं. हे सकाळी फोन उघडत आन म्हणत, बाईनं देवाचं पाठवलं, आपलं काईच नाई पाठवलं. तिनं ते काई रागानं म्हटलं नाई, सहज म्हटलं. पण मले तोंड वर करवेना. शास्त्र बंद केलं, चष्मा काढला, आन पयल्यांदा त्याच्यासंगं माह्या शब्दात बोलली. म्हणली, समू, तो कागद मी लिवला, तुह्यासमोर बोलाची हिंमत नव्हती म्हणून देवाच्या आड लपून बोलली, तू बरोबर वाजवत होता, चूक माही आहे, मले माफ करशील का रे?

त्यानं माह्याकडं पाह्यलं. आन म्हटलन, नाई.

भावजय म्हणाली, मनावर नका घेऊ बाई, त्याईले तेवढंच येते. तेवढंच येते हे मलेही माहीत आहे. पण चहाले नाई म्हणते तवा हात पुढं येते. माह्यापुढं हात काई आला नाई.

आता लोक इचाराले येतात, कोन्तं वचन वाचू, तं मी पयले इचारते, कोणासंगं बोलणं बंद आहे? आधी तिकडं जा, मंग माह्याकडं ये. काई लोक नाराज होतात, होऊ दे. तुमीही ताई एवढ्या लांबून माहं आयकाले आल्या, देव तुमचं भलं करो, तुमच्या घरचे सारे तुमच्यासंगं बोलत राहो. मले आता काई नाई पायजे. शुक्रवारी जाते, त्याचे नखं काढून देते, गल्लीतलं, पोराईचं, इकडलं तिकडलं सांगते. आन निघाच्या आधी एकदा इचारते, एकदाच, जास्त नाई. तो म्हणते, नाई. मी म्हणते, बरं, आन पुढच्या शुक्रवारी येते म्हणून सांगून गाडीले निघते.