पैलवानाचा पाला

मास्तर मांजराची टोपली मांडीवर घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारच्या सासू-सुनेचं भांडण ऐकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कानांना झाकण कुठून आणणार! सुनेच्या हातातल्या खोक्यात दोन चिमुकली कासवं होती.

"आई, याचं कवच बघा, बोटानं दाबलं जातंय! आणि तुमचा पैलवान मात्र गरगरीत."

"नर आहे तो. वाढीचं अंग आहे त्याचं."

"वाढीचं अंग कसलं? कोवळा पाला आधी त्याला, दिव्याच्या उबेत सकाळभर तोच. याच्या वाट्याला उरलेसुरले देठ!"

"मादीला कशाला हवेत एवढे लाड? जगतात त्या."

"ही मादी आहे, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"किडकिडीत आहे ना! डोळे आहेत मला."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही कासवं उलटीसुलटी करून पाहिली.

"एवढ्या लहानपणी नर की मादी, हे कोणालाच सांगता येत नाही. काही वर्षं थांबावं लागतं. या बारक्याला खाणं आणि उजेड कमी पडलाय, बाकी काही नाही. आणि तुमचा पैलवान उद्या मादीही निघेल. या जातीत माद्याच मोठ्या होतात."

सासूबाई ताडकन उठल्या.

"म्हणजे इतके दिवस मी मादीला भरवत होते? मेलीनं फसवलं की हो मला!"

"तिनं कधी सांगितलं होतं तुम्हाला," सून म्हणाली, "मी मुलगा आहे म्हणून?"