डोळ्यांखालचे पांढरे दाणे

—नाही म्हणजे नाही, जान्हवी. ह्या पार्लरमध्ये सुई मिळणार नाही. फेशियल घे, भुवया कर, हवं तर पायाची नखंसुद्धा रंगवून देते— आणि बोलू नकोस, तोंडावरचा पॅक तडकेल. ऐक नुसतं. डोळ्यांखाली चार पांढरे दाणे, मोहरीएवढेसुद्धा नाहीत, आणि म्हणे रविवारी साखरपुडा आहे, माधुरीताई, फोडून द्या! पिंपल आहेत का ते फोडायला? आत पू नाही, पाणी नाही. दुखतात? नाही. खाजतात? नाही. मग त्रास कोणाला? तर बोरिवलीच्या होणाऱ्या सासूबाईंना! फोटो मोबाईलवर हा एवढा मोठा करून बघितला म्हणे त्यांनी. वा! स्वतःचा मुलगा बघितलाय का कधी एवढा मोठा करून? पोट सुटलंय, केस मागे चाललेत— पण त्याला कोण झूम करतंय? मुलगा ना तो!

हसू नकोस गं, तडकला बघ गालावर. आणि तुला काय वाटतं, मला जमत नाही? वीस वर्षं झाली मुलुंडमध्ये, अर्ध्या एरियाच्या भुवया माझ्या हाताखालून गेल्यात. जमतं ना, त्यानेच तर वाट लागली. श्रुतिकाला होते असेच— माझी मुलगी गं, अंधेरीला दिलीय ती. तिला बघायला येणार होते शनिवारी. तिला काही पडली नव्हती, आई, राहू दे ना, म्हणत होती. मीच म्हटलं, पार्लरवालीची पोर आणि तोंडावर दाणे? लोक काय म्हणतील? तिच्या चेहऱ्याचं काही नव्हतं, मला बाहेरच्या माझ्या बोर्डाची काळजी! ह्याच खुर्चीत बसवलं. सुई उकळली, डेटॉल लावलं— मी काय अडाणी आहे?— आणि हनुवटी धरली घट्ट. ती रडतेय आणि मी म्हणतेय, हलू नकोस, हलू नकोस. तीन निघाले. चौथा पिकला. बारीक खड्डा पडलाय डोळ्याखाली, मेकअपने झाकते ती. लग्न? झालं की! त्याच मुलाशी. त्याला दाणे कधी दिसलेच नव्हते, फोटोत बघितलेच नव्हते त्याने. झकास ना?

रागावली नाही हां ती. कधीच नाही. फोन करते, माझ्या बीपीच्या गोळ्या पाठवते. दिवाळीला आली होती— पहाटे उटणं कालवलं, लहानपणापासून मीच लावते तिला— हात पुढे केला, तर तिनं तोंड मागे घेतलं. एवढंच. म्हणाली, दे, माझी मी लावते.

...

काय बघतेस? ऊठ. तोंड धू. स्टेशनसमोर स्किनचे डॉक्टर बसतात, त्यांना दाखव, नाहीतर राहू दे तसेच. चल, पुढची बाई बसलीये कधीची.