शर्यतीच्या गाडीचा निळा धूर

हे कुणाला सांगायचं नाही असं आमच्या आबा आजोबांनी बजावलंय, तेव्हा जवळ सरक. मामाने शर्यतीसाठी तयार केलेली ती लाल मोटार नागपूरला न्यायच्या आदल्या दिवशीच निळा धूर ओकायला लागली. वाशीमचे मिस्त्री आले आणि धूर पाहूनच म्हणाले, "इंजिन ऑइल जाळून राह्यलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतीन, खोला लागते."

"मंग उद्याची शर्यत?"

"इसरून जा."

मामा मटकन खाली बसला. मी मात्र आबांना रोज सकाळी त्या इंजिनात ऑइल ओतताना पाहिलं होतं. गोठ्यामागे गाठून त्यांना विचारलं, तर म्हणाले, "शंकरपटात बैलं पळवायच्या आंधी छकड्याच्या आसाले वंगण देतोच ना आपण? मंग हिलेच काहून कोरडी ठेवाव? सांगू नको त्याले."

आता बोलले तर आबा अडकणार, गप्प बसले तर शर्यत जाणार. शेवटी मिस्त्रींना एवढंच म्हटलं, "काका, ऑइल मोजायची काडी पाहता का?"

काडी खुणेच्या कितीतरी वरपर्यंत भिजलेली निघाली. मिस्त्री हसतच सुटले. "रिंगा चांगल्या हायेत. इले अजीर्ण झालं." जास्तीचं ऑइल काढलं, गाडी चालू केली, आणि धूर हळूहळू विरला. मामा अंगणात नाचायलाच लागला. मग एकदम थांबला. "पन एवढं ऑइल टाकलं कोनं?"

तेवढ्यात आबाच म्हणाले, "ते सोड. तू पट जिंकून ये."

मामाला काय ते कळलं. निघताना पाया पडला आणि त्यांच्या कानात हळूच म्हणाला...

"बेबी, काय सांगून राह्यली तिकडं? इकडं ये."

आले, आबा. अगं, तो म्हणाला की, "आबा, आता ऑइल टाकाल तं काडी पाहूनच टाकजा."