सतराव्या मजल्यावरचं फॉल-पिको

...आणि वर मलाच विचारतो, "कोणाकडे जायचंय?" मला! माझ्याच बिल्डिंगच्या गेटवर! राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. कोथिंबीर आणायला खाली उतरलो होतो हो, बनियनवर शर्ट अडकवून, मोबाईल वर चार्जिंगला, आणि हा वॉचमन, नंदकिशोर त्याचं नाव, म्हणतो मोबाईलवरचा कोड दाखवल्याशिवाय आत सोडणार नाही. म्हटलं, बाबा रे, सतराशे तीन, जयप्रकाश, दारावरची पाटी मी स्वतः ठोकलीये! तर म्हणतो, "कोड सांगा." अर्धा तास, तुम्हाला सांगतो, अर्धा तास जुडी हातात धरून उभा. शेवटी बायको खाली आली आणि तिने मला ओळखलं... तेही जरा विचार करून! पण बोलायची सोय नाही. कारण बिल्डिंग सेफ आहे हो, एकदम सेफ आहे!

आता तुम्ही म्हणाल, मग कुरकुर कसली? सांगतो. आधी आम्ही इथेच, बेलापूरला, याच प्लॉटवर, पण तळमजल्यावर राहायचो. जुनी चार मजली बिल्डिंग, खिडकी थेट रस्त्यावर, आणि त्या खिडकीत आमच्या हिचं, सुनीतीचं, शिलाई मशीन. साडीला फॉल, पिको, ब्लाउज उसवून ढिला करणं... घट्ट करायला वीस वर्षांत एकच बाई आली, तीसुद्धा टायफॉइडमधून उठलेली! खिडकीतून साडी आत, खिडकीतून पैसे आत. माझी कंपनी बंद पडली ना, तेव्हापासून घर त्या खिडकीवर चाललं. आमची मुलगी जाई त्या खिडकीवर इंजिनिअर झाली. आणि मी? मी बॉबिन भरायचो. हसू नका, बॉबिन भरणं सोपं नसतं!

पण बिल्डिंग झाली होती म्हातारी. एक दिवस सुनीती मशीनवर बसलेली, आत दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून उठली, आणि धाडकन... छताचा हा एवढा तुकडा स्टुलावर! जिथे ती बसली होती, तिथे! स्टुलाचे दोन पाय गेले. ती हातात पातेलं घेऊन नुसती बघत राहिली. मी घाबरलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. त्या रात्री मी ठरवलं, आता काय वाट्टेल ते होवो, माझ्या बायकोच्या डोक्यावरचं छत पक्कं पाहिजे. रिडेव्हलपमेंटच्या कागदावर पहिली सही माझी!

तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढली आणि मिळाला टॉवर. दोन लिफ्ट, कॅमेरे, आग लागली तर आपोआप पाणी. आणि पहिल्याच मीटिंगला सेक्रेटरी चंद्रशेखर विचारतात, "सुरक्षेबाबत कोणाची काही सूचना?" मी उठलो ना! चांगला वीस मिनिटं बोललो. म्हटलं, बाहेरचा माणूस वर म्हणून येता कामा नये! सेल्समन नको, फेरीवाला नको, घरात धंदा-बिंदा नको, पाहुणा आला तर नातं लिहा, काम लिहा, मगच लिफ्ट! टाळ्या पडल्या हो! ठराव एकमताने मंजूर, सूचक जयप्रकाश. फुगून घरी आलो. सुनीती मशीनवरची चादर काढत होती. म्हणाली, "छान बोललात. आता माझी गिऱ्हाइकं वर कशी येणार?"

...अरे! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! वीस वर्षं तिच्या बॉबिन भरल्या, आणि फॉल लावायला येणारी बाई ही बाहेरची असते, हे मला आठवलंच नाही!

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली. इथल्याच दिवाळे गावची, मासे विकते, सुनीतीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. डोक्यावर पाटी, काखेत साडीची पिशवी. नंदकिशोर म्हणतो, "नातं काय?" झालं! बाई अशी पेटली, सतराव्या मजल्यावर ऐकू आलं. "नातं इचारतंस? तिचे पोरीचे बारशाला मी पापलेट दिलीत! आन् पिशवीन काय बॉम्ब हाय का रं? साडी हाय माजी!" नंदकिशोर थंड. "मावशी, रूल आहे. सतराशे तीनच्या साहेबांनीच केलाय." वर मान करून तिने माझ्या बाल्कनीकडे जे बघितलं... मी कुंडीमागे बसलो. पण बिल्डिंग सेफ आहे हो, एकदम सेफ आहे!

दोन महिने गेले. एक साडी नाही. मेंटेनन्स मात्र दर महिन्याला न चुकता यायचा, त्याला कोण अडवणार, त्याला कोड लागत नाही! सुनीती भांडली असती तर बरं झालं असतं. रोज सकाळी मशीनवरची धूळ पुसायची, आणि सतराव्या मजल्यावर, तुम्हाला सांगतो, धूळ नसतेच! स्टुलावरचं छत चुकवलं, आणि मीच स्टूल काढून घेतलं की हो!

आणि मग आली संक्रांत. सुनीतीने गेटवर जाऊन सांगितलं, "नंदकिशोर, आमच्याकडे हळदीकुंकू आहे. काम : हळदीकुंकू. लिहा." आता हळदीकुंकवाला कोण नाही म्हणणार? पहिल्या दिवशी अकरा बायका. दुसऱ्या दिवशी एकोणीस. प्रत्येकीच्या हातात पिशवी, येताना फुगलेली. चांगुणाबाईने नात्याच्या रकान्यात काय लिहायला लावलं? "जाऊबाई"! रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यामुळे मशीन थांबेना. आणि हळदीकुंकवात पुरुषाने बसायचं नसतं, म्हणून मी आतल्या खोलीत, दार लावून... बॉबिन भरतोय!

पण रथसप्तमी उलटली आणि बायका काही थांबेनात. चंद्रशेखर रजिस्टर घेऊन वर. "जयप्रकाशराव, हा काय झोल आहे? वहिनींना त्रेपन्न नणंदा? तुमचाच ठराव, आणि तुम्हीच...?" मला दरदरून घाम! म्हटलं, संपलं. आता मशीन कायमचं बंद. सुनीती शांतपणे उठली, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "या ना, बघा." बघतात तर काय, पहिला नंबर लावून त्यांचीच बायको बसलेली! मांडीवर सहा साड्या! ती तिथूनच म्हणाली, "अहो, काय ते पटकन बोला आणि निघा, माझा नंबर आलाय."

पुढच्या मीटिंगला ठरावात दुरुस्ती झाली. गेटशेजारची रिकामी केबिन सुनीतीला, अकरा ते पाच. खिडकी थेट रस्त्यावर! बाहेरच्या बाईला वर जायचं कामच नाही, त्यामुळे बिल्डिंग सेफ. डोक्यावर नवा स्लॅब, त्यामुळे सुनीती सेफ. जाई म्हणते, "आई, तू आता आधीपेक्षा जास्त कमावतेस." फक्त एक अट घातली चंद्रशेखरनी. गर्दी फार असते, तेव्हा घरचा एक जबाबदार माणूस अकरा ते पाच केबिनबाहेर खुर्ची टाकून बसला पाहिजे. घरचा रिकामा माणूस कोण, हे काय विचारायचं? तोही ठराव एकमताने! पण खोटं कशाला बोलू, बरं चाललंय. ऊन चांगलं येतं, नंदकिशोर चहा पाजतो, आत मशीनची घरघर ऐकू येते. ती घरघर ऐकली ना, की माझा जीव थाऱ्यावर असतो.

परवाचीच गोष्ट. एक गृहस्थ आले, सफारीतले, गाडी लांब उभी करून. इकडे तिकडे बघितलं, माझ्या निळ्या शर्टाकडे बघितलं आणि हळूच म्हणतात, "काका, किती वर्षं आहात गेटवर? सतराशे तीनमध्ये कोण जाई आहे, आमच्या मुलासाठी स्थळ सांगून आलंय. पुढे जायच्या आधी म्हटलं वॉचमनला विचारावं, तुम्हाला आतलं सगळं माहीत असतं. घर कसं आहे?"

आता काय सांगणार? मी वॉचमन नाही, म्हणावं, तर मुलीचा बाप गेटवर बसतो ही बातमी जाणार! म्हटलं, "साहेब, घर सेफ आहे, एकदम सेफ आहे. मुलगी हिऱ्यासारखी, आई कर्तबगार, सगळं घर तिनेच उभं केलंय."

"वा! आणि मुलीचे वडील? ते काय करतात?"

म्हटलं, "ते? ते काही नाही करत हो... बसून असतात."